वीर्य तपासणीत काउंट कमी आलाय, तीन महिन्यांत काय करता येईल? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. वय ३३, लग्नाला चार वर्षं झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंगला आहे. दोन वर्षं प्रयत्न करतोय, दिवस राहत नाहीत.

आजवर सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, सगळं व्यवस्थित. तिनं उपास केले, नवस केले, नात्यातल्या ओटीभरणाला तिला बोलावणं बंद झालं. माझी तपासणी करा असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही म्हणालो नाही. याचं फार वाईट वाटतंय. नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत लिहून दिली, म्हणून झाली.

रिपोर्ट : एका मिलीलीटरला शुक्राणू १ कोटी १० लाख, पुढे सरकणारे १८ टक्के, नॉर्मल आकाराचे ३ टक्के. "तीन महिन्यांनी पुन्हा करू," म्हणाल्या. मी इतका गडबडलो की काही विचारलंच नाही.

इथला उन्हाळा ४२-४३ डिग्रीचा, त्यात बारा तास गरम वाफेत उभा असतो. त्यानं फरक पडतो का? मावा रोज चार-पाच पुड्या. जिममधला मित्र टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे म्हणतोय. घेऊ का? आणि घरी आईला कसं सांगू?

प्रतिसाद (बार्शी)

दादा, इंजेक्शन अजिबात घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना काम करायचा निरोप देणं बंद करतो, काउंट शून्यावरही जातो. माझ्या सख्ख्या भावाचं हेच झालं, म्हणून कळकळीनं सांगतोय.

तीन महिने यासाठी की एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज सुधाराल ते जुलैच्या रिपोर्टात दिसेल. वृषणं शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंड लागतात, म्हणून वाफेपासून लांबचं काम मिळतंय का बघा. सैल सुती कपडे घाला. मावा बंदच करा, तंबाखूनं संख्या आणि हालचाल दोन्हीला मार बसतो. पावडरींवर पैसे घालवू नका, त्यांचा पुरावा कच्चा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मोजमापात खालची मर्यादा संख्येला १ कोटी ६० लाख, पुढे सरकणाऱ्यांना ३० टक्के आणि नॉर्मल आकाराला ४ टक्के आहे. त्याच्या खाली असूनही मूल झालेले पुष्कळ आहेत. युरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, तपासून घ्या. ते उभं करून हातानं बघतात, लाजू नका. पुढच्या वेळी नमुन्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि घरून नेणार असाल तर तासाच्या आत लॅबमध्ये पोचवा.

एक विचारतो, मधे मोठा ताप आला होता का? त्यानंही दोन-तीन महिने काउंट पडतो.

मूळ लेखक

फेब्रुवारीत टायफॉइड झाला होता! डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, सोमवारी सांगतो.

काल रात्री आईला बसवून रिपोर्ट वाचून दाखवला, बायकोसमोरच. आई बराच वेळ काही बोलली नाही. सकाळी तिनं सुनेला उपास सोडायला लावला.

मावा कालपासून बंद आहे, डोकं फार दुखतंय. ज्यांनी सोडलाय त्यांनी पहिले पंधरा दिवस कसे काढले, सांगाल का?