गायरानावर सौर प्रकल्प : ग्रामसभेत नेमकं काय विचारायचं?

शिवार_१२ :
मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये गावच्या गायरानातलं ८ हेक्टर क्षेत्र ४ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी निवडलंय. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, शेतीला दिवसा लाइट मिळेल आणि हेक्टरी सव्वा लाख भाडंही येईल. दुसरा म्हणतो, जनावरं कुठं चारायची, आणि जी भूमिहीन घरं तिथं कसतात त्यांनी जायचं कुठं? लवकरच ग्रामसभा आहे. सौरला विरोध नाही, पण न वाचता हात वर करायचे नाहीत. काय काय विचारावं?

फीडरवाला :
सव्वा लाख आधी डोक्यातून काढा. ते भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढीसह, खासगी जमिनीला आहे. शासकीय जमीन नाममात्र भाड्याने जाते, आणि गायरान शासकीय. ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. एकूण १५ लाख, आणि वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा! हीच ८ हेक्टर खासगी असती तर पहिल्या वर्षीच १० लाख भाडं झालं असतं. योजनेच्या बॅनरवर हा फरक लिहीत नाहीत. भर सभेत तो उघड झाला की लोक अख्ख्या योजनेवरच उखडतात, आणि मग बाहेर नाव होतं की ‘गावकऱ्यांना सौर नको’.

आता दिवसाच्या लाइटचं. प्रकल्पाची वीज थेट विहिरीवर येत नाही, ती आधी उपकेंद्रात जाते आणि तिथून शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनला. म्हणून विचारा : आमच्या शिवाराचा फीडर त्याच उपकेंद्रावर आहे का, योजनेच्या यादीत आहे का, आणि गावठाणाच्या लाइनपासून वेगळा झालाय का? फीडरचं नाव इतिवृत्तात येऊ द्या, नुसतं ‘परिसरातील शेतकरी’ नको. जमीन एका गावची आणि दिवसाची लाइट दुसऱ्याच फीडरला, असंही होऊ शकतं.

सौर आलं म्हणजे दाब (व्होल्टेज) वाढेल, हा गैरसमज. कमी दाब येतो डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) जादा भाराने, चोरून टाकलेल्या आकड्यांनी आणि लांबच लांब लाइनने. ५ एचपीच्या मोटरीला २ केव्हीएआरचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) दाब सावरणारा कपॅसिटर, साडेसातला ३ चा, हे साधं काम बहुतेक ठिकाणी झालेलंच नसतं. त्यात मोटर आपोआप चालू करणारे ऑटोस्विच. लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपी जळतो. ग्रीड (वीजवाहिन्यांचं जाळं) बंद पडली की सौर प्रकल्पही आपोआप बंद होतो, त्यामुळे फॉल्ट झाला तर भर उन्हातही लाइट जाणारच.

नोंदवही :
कसणाऱ्यांसाठी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची नक्कल काढा, अतिक्रमणांची नोंद तिथं असते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची, मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. त्यात बसणारी घरं असतील तर ताबा देण्याआधी त्यांचे अर्ज निकाली काढा असं लेखी मागा. एकदा कुंपण पडलं की पुढं कचेरीच्या खेपाच उरतात.

‘विरोध आहे’ एवढाच ठराव कुचकामी. जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ नुसार गायरान दुसरीकडे वळवताना सार्वजनिक प्रयोजन तर लागतंच, शिवाय दुसरी योग्य शासकीय जमीन नाही हेही दाखवावं लागतं. म्हणून ठरावासोबत पर्यायी गट नंबर, उपकेंद्रापासूनचं अंतर आणि गावातल्या जनावरांची संख्या जोडा. असा कागद टाळणं जिल्हाधिकाऱ्यांना अवघड जातं.

मोजणी कुंपणाआधी, गावकऱ्यांसमोर. नकाशात पाणंद आणि ओढा दाखवलाय का बघा. सपाटीकरणानंतर पावसाचं पाणी दिशा बदलून खालच्या शेतात घुसतं. चर कुठून काढणार, हे कंत्राटदाराकडून आधीच लिहून घ्या.

शिवार_१२ :
दोघांचे आभार. पण एवढी घाई का चाललीय?

फीडरवाला :
हिशोब साधा आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं शासनाने अंगावर घेतलंय. सौरची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, नेहमीची त्याहून बरीच महाग. म्हणजे वचन निभवायचं तर स्वस्त वीज हवीच. ही राजकीय इच्छाशक्ती खरी आहे, पण ती तिजोरीची आहे, चराईची काळजी त्यात आपोआप येत नाही. आणि हो, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही वेगळी योजना. तिथं पॅनल स्वतःच्या शेतात बसतात आणि हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. सभेत लोक या दोन्हींची गल्लत करतात, ती सुरुवातीलाच सोडवा.

नोंदवही :
पॅनल धुण्याचं पाणीही विचारा. ४ मेगावॅटला साधारण दहा हजार पॅनल लागतात. पॅनलमागे २ लिटर धरलं तरी एका धुण्याला २० हजार लिटर. उन्हाळ्यात ते गावच्या बोअरमधून उपसणार नाही, ही अट करारातच घाला.