भाजल्यावर आधी काय लावावे? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-४०२ : सर्वांना नमस्कार. किटलीचे झाकण उघडताना मनगटावर वाफ आली आणि थोडे भाजले आहे. त्वचा लाल झाली असून आग होते आहे, फोड मात्र अजून आलेला नाही. घरात टूथपेस्ट, कोरफड आणि मध आहे. यांपैकी काय लावावे, ते कृपया लवकर सांगावे.

अ-१०३ : ताई, टूथपेस्ट लावा. लावताक्षणी गार वाटते. आमच्याकडे पूर्वीपासून हेच करतात.

क-२०४ : ताई, आत्ता काहीही लावू नका. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, कारण सूज चढल्यावर ती निघत नाहीत. मग हात नळाखाली धरा. धार बारीक ठेवा आणि ती भाजलेल्या जागेच्या थोडी वर पडून तिच्यावरून वाहत जाईल अशी धरा, म्हणजे पाण्याचा मारा थेट दुखऱ्या त्वचेवर बसणार नाही. पूर्ण २० मिनिटे हात तसाच ठेवा. आग कमी झाली म्हणून मध्येच नळ बंद करू नका. तोवर मी सविस्तर लिहिते.

ड-५०१ : २० मिनिटे फार होत नाहीत का? आम्ही तर मिनिटभर हात धुतो आणि मलम लावतो.

क-२०४ : काका, मी जळीत रुग्णांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम केले आहे, आणि तेथे सर्वांत जास्त हळहळ याच गोष्टीची वाटत असे. वाफ बाजूला झाली तरी त्वचेत शिरलेली उष्णता लगेच बाहेर पडत नाही. ती खालच्या थरांकडे सरकत राहते आणि तेथील पेशींना इजा करत राहते. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन भाग सांगितले : मधोमध मेलेल्या पेशी, त्यांच्याभोवती रक्तपुरवठा मंदावलेला पण अजून वाचू शकणारा पट्टा, आणि सर्वांत बाहेर नुसता लाल झालेला भाग. मधोमधचा मेलेला भाग परत मिळत नाही आणि बाहेरचा आपोआप बरा होतो. पाण्याची सगळी धडपड त्या दोहोंमधल्या पट्ट्यासाठी असते. तो वाचला तर जखम उथळ राहते, तो गेला तर तीच जखम दुसऱ्या दिवशी अधिक खोल दिसते. पहिली काही मिनिटे हुकली तरी भाजल्यापासून ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, म्हणून उशीर झाला असे समजून ते टाळू नये.

बर्फ का नको, याचे उत्तरही याच पट्ट्यात आहे. अतिथंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी घटतो. शिवाय बधिरपणामुळे इजा होते आहे हे कळतही नाही. नळाचे साधे पाणी पुरेसे असते.

अ-१०३ : पण टूथपेस्टने खरोखरच गार वाटते, हा माझा अनुभव आहे.

क-२०४ : ताई, तुमचा अनुभव खराच आहे. पेस्टमधील मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, त्यामुळे गार वाटते. त्वचेचे तापमान मात्र फारसे उतरत नाही. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी असलेली खरखरीत पूड आणि फेस आणणारी द्रव्ये भाजलेल्या त्वचेला झोंबतात, आणि वाळलेला थर काढताना फोड फुटू शकतो. लोणी आणि तेल तर उष्णता आतच कोंडून ठेवतात. अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकाने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तो कोणीही लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ड-५०१ : मधाबद्दल मात्र मी चांगले वाचले आहे.

क-२०४ : तुम्ही वाचले ते बरोबर आहे. जखमांवरील मधाच्या वापराचा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमा नेहमीच्या काही मलमपट्ट्यांच्या तुलनेत मधाने साधारण ४ ते ५ दिवस लवकर भरतात, असे त्यात आढळले. परंतु जखमेसाठी वापरायचा मध निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातील बरणीत आपण रोज चमचा घालतो. तो मध उघड्या जखमेवर लावू नये. कोरफडीचे माझे मत थोडे सौम्य आहे : जागा पूर्ण गार झाल्यावर, त्वचा कोठेही फाटलेली नसताना, सुगंध नसलेला गर लावल्यास कोरडेपणा आणि चुरचुर कमी होते.

ब-४०२ : २० मिनिटे झाली. आग बरीच कमी आहे, पण मनगटाच्या आतल्या बाजूला मुगाएवढा फोड आला आहे.

क-२०४ : तो फोडू नका. त्याखालच्या कोवळ्या त्वचेचे ते नैसर्गिक आवरण आहे. अन्न झाकायची पातळ पारदर्शक फिल्म असेल तर तिचे पहिले वेढे टाकून द्या आणि पुढचा तुकडा जखमेवर नुसता ठेवा, मनगटाभोवती गुंडाळू नका. फिल्म नसेल तर न चिकटणारी स्वच्छ पट्टी चालेल. कापूस नको, त्याचे धागे जखमेत अडकतात. दुखत असल्यास आणि तुम्हाला चालत असल्यास पॅरासिटामॉल घ्या. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, तेही आठवून पाहा.

अ-३०५ : आमच्या घरी दोन वर्षांचा मुलगा आहे. त्याच्यासाठीही हेच करावे का?

क-२०४ : पाणी तेच, पण काळजी अधिक. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने प्रौढाची त्वचा सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलाची त्याहून लवकर, कारण ती पातळ असते. भाजलेला भाग गार करताना बाळाचे बाकीचे अंग कोरड्या कपड्याने उबदार ठेवा, नाहीतर त्याचे शरीर गारठते. त्वचेला चिकटलेला कपडा ओढून काढू नका. एवढ्या लहान मुलाचे भाजणे किरकोळ वाटले तरी, पाणी झाल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मोठ्यांच्या बाबतीतही काही वेळा घरी थांबू नये : जखम रुग्णाच्या स्वतःच्या पंज्याहून मोठी असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल, त्वचा पांढरी वा काळी पडली असेल, किंवा कारण वीज अथवा रसायन असेल. खोल भाजलेली जागा अनेकदा दुखतच नाही, कारण तेथील मज्जातंतूच जळालेले असतात, त्यामुळे दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. मधुमेह असलेल्यांनी लहान जखमही दाखवावी.

ब-४०२ : मग माझेही मनगट, म्हणजे सांधाच आहे.

क-२०४ : होय ताई, म्हणूनच तुम्हीही आज दाखवून या. तोवर त्यावर कोणतेही पांढरे मलम लावू नका. त्याखाली जखमेची खोली डॉक्टरांना नीट दिसत नाही.