वांड आणि टग्या एक नव्हेत
रांगड्या मराठी शब्दांच्या एका यादीत 'वांड' आणि 'टग्या' एकाच मापानं मोजलेत, ते पटलं नाही. सांगली-साताऱ्याकडं वांड म्हणजे कुणाचं न ऐकणारं, विहिरीत उड्या टाकणारं पोरगं. आजीसुद्धा नातवाला कौतुकानं म्हणते. टग्या मात्र कामधंदा सोडून चौकात बसणारा, दुसऱ्याच्या जिवावर चहा पिणारा. बापासमोर पोराला टग्या म्हटलं, की भांडण ठरलेलं.

'खुन्नस' नजरेत असते. नुसतं रोखून बघितलं तरी 'खुन्नस देतो काय?' म्हणत राडा होतो.

त्या यादीत 'शड्डू ठोकणं' हवंच. पैलवान मांडीवर, दंडावर थाप मारून आव्हान देतो, तिथून ते आलं. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचेच. इकडं आता निवडणुकीतही शड्डू ठोकतात.