नायलॉनचे बुश पावसाळ्यात जाम होतात, दुसरं कुठलं मटेरियल टाकू?

गाळेवाला_अंधेरी

नमस्कार मंडळी. अंधेरी एमआयडीसीत छोटा गाळा आहे, पॅकिंग मशीन आणि कन्व्हेयरचे पार्ट लेथवर करून देतो. एका मसाल्याच्या पार्टीला रोलरचे बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) नायलॉनचे दिलेत, बाहेरून ४० एमएम, आतून २५, शाफ्ट स्टेनलेसचा. मे महिन्यात बसवले तेव्हा रोलर बोटाने ढकलला तरी गरागरा फिरत होता, जुलै उजाडला आणि एकेक जड व्हायला लागला, मोटर ट्रिप होतेय, बुश काढून मोजला तर बोर, म्हणजे आतलं भोक, आवळलंय. रीमर मारून बोर मोठं करून दिलं की चालतं पण मग दिवाळीनंतर तेच बुश खडखडायला लागतात आणि पार्टीचा परत फोन. दुकानदार म्हणतो टेफ्लॉन घ्या, आमचे फिटर मामा म्हणतात हायलम, मोल्डिंगवाला मित्र म्हणतो डेलरिन. मशीन रोज पाण्याने धुतात, मसाल्याची धूळ असते, तेल-ग्रीस चालत नाही कारण मालाला लागेल. लोड फार नाही, गरमही काही होत नाही. नक्की काय टाकू आणि क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बोरमधली फट, किती ठेवू? आणि ही सगळी थर्मोप्लास्टिकच ना, मग एवढा फरक का पडतो?

पॉलिमर_ताई

दादा, बुश फिरवताना तुमचं काही चुकलेलं नाही, नायलॉनचा स्वभावच तो आहे. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर अमाइड गट असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना जाऊन चिकटतात, साखळ्या एकमेकींपासून जरा लांब सरकतात आणि अख्खा पीस फुगतो. नायलॉन ६६ साधारण ५० टक्के दमटपणात वजनाच्या अडीच टक्के पाणी धरून ठेवतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर साडेआठ टक्क्यांपर्यंत जातं, नायलॉन ६ त्याहून थोडं जास्तच. आता मुंबईचा जुलै म्हणजे हवाच ओली, वर तुमची पार्टी रोज धुतेय. माप १ टक्का जरी वाढलं तरी ४० एमएमवर ०.४ एमएम होतात, आणि बुश हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, घट्ट बसलेला असल्यामुळे त्याला बाहेर फुगायला जागाच नाही, सगळं आतल्या बाजूला येतं म्हणून बोर आवळतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पाणी हळूहळू निघून जातं, आणि तुम्ही तर मधल्या काळात रीमर मारलेला, मग खडखडणारच.

डेलरिन म्हणजे अ‍ॅसिटल, त्याला पीओएम पण म्हणतात. त्यात पाणी धरून ठेवणारे असे गट नाहीत, पाण्यात बुडवून ठेवलं तरी १ टक्क्याच्या आत राहतं. तुमच्या कामाला माझ्या मते तेच.

आणि थर्मोप्लास्टिकचं म्हणाल तर त्याचा अर्थ एवढाच की साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या नसतात, तापवलं की मऊ होतं, थंड केलं की घट्ट, परत तापवता येतं. त्याच्यापुढे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पॉलिप्रॉपिलीन १६५ डिग्रीच्या आसपास वितळतं, नायलॉन ६६ ला २६० लागतात, पीक (PEEK) नावाच्या महागड्या प्लास्टिकला ३४० च्या वर, पाणी पिणं आणि केमिकल सहन करणं तर आणखी वेगळं. मामांचं हायलम यात मोडतच नाही, ते कापड आणि फिनॉलिक रेझिन दाबून केलेलं थर्मोसेट आहे, तापवलं तर जळेल पण वितळणार नाही. मटेरियल चांगलंय, जुन्या मशीनमध्ये त्याचे बुश खूप चालले, पण कापडाच्या कडा उघड्या राहतात आणि त्या पाणी शोषतात, रोजच्या धुण्याला मी नाही वापरणार.

नागदेवी_फेरी

ताईंशी सहमत. टेफ्लॉनबद्दल सांगतो, घसरायला त्याच्यासारखं काही नाही हे खरं, पण साधं पांढरं टेफ्लॉन मऊ असतं, लोडखाली बसतं, म्हणजे गरम न होताच हळूहळू चपटं होत जातं आणि झिजतंही लवकर. बुशसाठी घ्यायचंच तर ब्राँझ किंवा कार्बन भरलेलं घ्यावं लागतं आणि ते महाग. तुमच्या रोलरला एवढा खर्च कशाला करायचा.

रॉड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. नागदेवीच्या बाजारात सगळ्याच पांढऱ्या रॉडला कोणी डेलरिन म्हणतं कोणी नायलॉन, दिसायला दोन्ही सारखेच. गाळ्यात साधी टेस्ट करता येते. एका बरणीत पाणी घ्या आणि त्यात मीठ ढवळत राहा, तळाला मीठ शिल्लक राहायला लागलं की थांबा, त्या पाण्याची घनता साधारण १.२ होते. रॉडचा छोटा तुकडा कापा, कडेची कुसं साफ करा, पाण्यात बोटाने बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडा. नायलॉन १.१४ चं असतं ते वर येतं, अ‍ॅसिटल १.४१ चं, सरळ तळाला जातं. साध्या पाण्यातच तरंगलं तर ते पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एचडीपीई (पॉलिथिलीन), दुकानदाराला परत करा. फक्त काच भरलेलं नायलॉन पण बुडतं, पण ते कापताना टूलची धार जाते त्यावरून कळतंच.

काडी लावून वास घ्यायची सवय सगळ्यांना असते, ती अ‍ॅसिटलला अजिबात लावू नका. जळताना फॉर्मल्डिहाइड निघतं, नाकाडोळ्यांना जबरदस्त झोंबतं आणि ज्योत इतकी फिकट की पेटलंय हे पटकन दिसतही नाही.

वसई_मोल्डर

सगळे नायलॉनला नावं ठेवतायत म्हणून लिहितो. ज्या पाण्याने बुश फुगतात त्याच पाण्याने नायलॉनला चिवटपणा येतो, एकदम कोरडं नायलॉन ठिसूळ असतं. जिथे दणके बसतात तिथे, मोठ्या पुल्या, क्रेनच्या शिव्ह, ट्रॉलीची चाकं, तिथे कास्ट नायलॉन मी आजही डोळे झाकून देईन, अ‍ॅसिटलला कोपऱ्यात कट राहिला की तिथून तडकतं. प्रश्न फक्त मापाचा आहे, आणि तुमच्या बुशला माप महत्त्वाचं.

आमच्या मोल्डिंगला तर हा पाऊस रोजची लढाई आहे. नायलॉनचा दाणा पोतं उघडल्यापासून पाणी ओढायला लागतो, ८० डिग्रीला चार-चार तास ड्रायर लावल्याशिवाय मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये टाकलाच तर पीसवर चंदेरी रेघा येतात आणि आतून कच्चा राहतो. पॉलिकार्बोनेटला १२० डिग्री लागतात.

टर्निंगला टूल एकदम धारदार ठेवा, पीस तापू देऊ नका, अ‍ॅसिटल साध्या स्टीलच्या जवळपास नऊपट फुगतं उष्णतेने, गरम पीस मोजला तर माप खोटं येईल. रफ करून रात्रभर ठेवा, फिनिश सकाळी घ्या.

गाळेवाला_अंधेरी

खूप आभार ताई आणि सगळ्यांचेच, मिठाची टेस्ट आजच केली, माझ्याकडचा रॉड तरंगला म्हणजे नायलॉनच. पार्टीला विचारलं, साबणाचं गरम पाणी आणि अधूनमधून ब्लीचिंगचं पाणी मारतात. चालेल का? आणि क्लिअरन्स राहिलं.

पॉलिमर_ताई

बरं झालं विचारलंत. गरम पाणी आणि क्षार असतील तर अ‍ॅसिटलमध्ये कोपॉलिमर मागा, होमोपॉलिमर, म्हणजे मूळ डेलरिन, तीव्र अल्कलीला कमी टिकतं. क्लोरीन मात्र दोन्हीला खातं, पृष्ठभाग खडूसारखा भुकटायला लागतो, त्यामुळे ब्लीचिंग मारलं की लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवायला सांगा. ते ऐकणार नसतील तर लोड कमी आहे म्हणून यूएचएमडब्ल्यूपीई, म्हणजे खूप लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन, बघा, ते पाणी जवळपास घेतच नाही आणि ब्लीचिंगलाही बरं टिकतं, फक्त मऊ असल्यामुळे माप धरायला कटकट होते आणि गरमीने अ‍ॅसिटलपेक्षाही जास्त फुगतं.

क्लिअरन्स २५ च्या शाफ्टला ०.१५ एमएमच्या आसपास धरून सुरुवात करा, पण हे माप बुश हाउसिंगमध्ये बसवल्यानंतरचं. ठोकल्यावर बोर जेवढा इंटरफिअरन्स (हाउसिंगपेक्षा बुश जेवढा मोठा ठेवला तेवढं माप) दिला जवळपास तेवढंच आवळतं, ते आधीच धरून बोर मोठं ठेवा.

वसई_मोल्डर

आणि दादा, लेथवरचा भुस्सा आणि तुकडे वेगळे ठेवा, नायलॉनच्या पोत्यात अ‍ॅसिटल जाऊ देऊ नका, धारावीत भंगार प्लास्टिकच्या तेरा कंपाउंडला स्वच्छ आणि वेगळ्या मालाला भाव येतो, मिक्सला कोणी विचारत नाही. पीव्हीसीच्या पाइपचे तुकडे तर अ‍ॅसिटलजवळही नकोत. पीव्हीसी तापलं की त्यातून आम्ल निघतं, त्याने अ‍ॅसिटल झपाट्याने फुटून त्याचा गॅस होतो, बॅरलमध्ये प्रेशर वाढून गरम माल नोझलमधून उडतो. पोत्यावर मार्करने नाव लिहा आणि भंगारवाल्यालाही तोंडी सांगा.