मदत हवी आहे: फसलेलं उड्डाण मोजायचं का?

नमस्कार मंडळी. पुतणीला शाळेच्या प्रदर्शनासाठी २०२५ च्या अंतराळ मोहिमांचा तक्ता करायचाय. पुठ्ठा सोलापुरी चादरीच्या खोक्याचा, डोकं माझं. २९ जानेवारीचं श्रीहरिकोट्याहून झालेलं शंभरावं उड्डाण आणि ३० जुलैचं निसार (भारत-अमेरिकेचा पृथ्वीवर नजर ठेवणारा उपग्रह) लिहून झालंय. पण १८ मेच्या पीएसएलव्ही-सी६१ या इस्रोच्या रॉकेटचा तिसरा टप्पा बिघडला, उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. ते मोजायचं ना? मी म्हणतो मोजायचं, रॉकेट उडालं तर होतं! ती म्हणते, लाल पेनानं वेगळं लिहा काका.

दुसरं, आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला २५ जूनला फ्लोरिडातून फाल्कन ९ या अमेरिकी रॉकेटने अवकाश स्थानकाकडे निघाले, १५ जुलैला परतले. हे भारताच्या रकान्यात लिहायचं की अमेरिकेच्या? शुक्रवारी तक्ता द्यायचाय, जाणकारांनी जरा सांगा की.