कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत स्पोर्ट्स कार तापते, महामार्गावर मात्र काटा हलत नाही

पैनगंगाकाठ (वणी तालुका)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन दारांची, टर्बो पेट्रोल इंजिनाची एक स्पोर्ट्स कार आहे. इंजिन पुढे असून गिअरबॉक्स ड्युअल क्लच प्रकारचा, म्हणजे दोन क्लचांनी आपोआप गिअर बदलणारा आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी ती पुण्याहून सेकंडहँड घेतली आणि हिवाळाभर तिने कसलाही त्रास दिला नाही. एप्रिल लागल्यापासून मात्र वणी–घुग्घुस रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमागे थांबत थांबत गाडी चालवावी लागली, की तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर सरकतो आणि थोड्याच वेळात एसीची हवा थंड येईनाशी होते. त्याच दुपारी, त्याच उन्हात वरोरा आणि जाम मार्गे नागपूरला जाताना काटा जागचा हलत नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे यंत्र) लावून पाहिले, तेव्हा महामार्गावर कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान ९५ अंशांच्या आसपास आणि रांगेत ११५ अंशांपर्यंत दिसले.

कूलंटची पातळी घटत नाही, गाडीखाली थेंब पडत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही. एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरीकडे कूलंट फिरवणारा वॉटर पंप आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) दोन्ही बदलावे लागतील असे सांगण्यात आले. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी अशा गाड्या बनलेल्याच नसतात, असेही काही जण म्हणतात. ही गाडी मला अतिशय प्रिय आहे आणि नुसत्या अंदाजावर तिचे इंजिन उघडू देण्याची माझी तयारी नाही. तपासणी कुठून सुरू करावी?

हिंगणघाटचा मिस्त्री

भाऊ, इंजिन उघडू दिले नाही हे उत्तम केले. आपण दिलेल्या माहितीतच निम्मे निदान झालेले आहे. वॉटर पंप कमजोर असता किंवा कूलंट थंड करणारा रेडिएटर आतून चोंदला असता, तर गाडी महामार्गावर, विशेषतः चढावर आणि भरधाव असताना आधी तापली असती, कारण त्या वेळी इंजिन सर्वाधिक उष्णता निर्माण करते. आपली गाडी वेगात थंड राहते आणि थांबली की तापते, याचा अर्थ कूलंट व्यवस्थित फिरत आहे. कमी पडते आहे ती रेडिएटरमधून जाणारी हवा. वेगात ही हवा समोरून आपोआप मिळते, रांगेत मात्र सगळा भार फॅनवर येतो.

हिवाळ्यात हा दोष का दिसला नाही, तेही सांगतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. जानेवारीच्या दुपारी हवा २८ अंश असेल, तर ९५ अंशांच्या कूलंटशी तिचा फरक ६७ अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४६ अंशांवर गेली की हाच फरक ४९ अंशांवर येतो, म्हणजे तेवढ्याच हवेत चौथाईहून अधिक उष्णता कमी बाहेर पडते. गाड्या बनवणारे ही तूट धरूनच रेडिएटर आणि फॅन निवडतात, पण त्यासाठी हवेची वाट मोकळी असावी लागते.

प्रथम गाडी सावलीत उभी करून इंजिन आणि एसी सुरू करा. एसी लावल्यावर फॅन थोड्याच वेळात फिरू लागायला हवा. फिरत नसेल, तर फ्यूज, रिले आणि फॅनचे नियंत्रण करणारे मॉड्यूल तपासा. फॅन फिरत असेल, तर वहीचा एक कागद पुढच्या जाळीसमोर धरा. फॅन वेगात असताना तो जाळीकडे ओढला जाऊन चिकटून राहिला पाहिजे. तो खाली पडला, तर फॅन फिरूनही हवा आत येत नाही असे समजावे.

माझा संशय एका ठिकाणी फार दाट आहे. स्पोर्ट्स कारचे नाक जमिनीलगत असते आणि त्यामागे टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक दाटीने बसवलेले असतात. आपल्या भागात ऑक्टोबरपासून जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापसाचे पुंजके रस्त्यावर सांडतात आणि ते अशा गाडीच्या नाकात अलगद ओढले जातात. त्यावर कोळशाची भुकटी बसली, की कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत घोंगडीसारखा थर तयार होतो. जाळीतून बॅटरी मारून पाहिले, तर कंडेन्सरची पुढची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ दिसते आणि पाहणारा निश्चिंत होतो. बंपर उतरवून दोन्हींच्या मधे पाहिल्याशिवाय कोणताही भाग बदलू नका.

पूर्णाखोरे (अकोला)

मिस्त्रींच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. ११५ अंशांवर तो पूर्ण उघडलेलाच असतो, त्यामुळे काढून रांगेत काही लाभ होणार नाही. उलट थंडीच्या दिवसांत इंजिन योग्य तापमानाला पोहोचणार नाही, पेट्रोल जास्त जाईल आणि ऑइलमध्ये साचणारा ओलावा उडून जाणार नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा आहे. आमचा पट्टा खारपाणाचा आहे आणि तुमच्याकडेही बोअरचे पाणी जड असते. असे पाणी कूलंटमध्ये एकदा जरी पडले, तरी त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसू लागतात. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मे-निम्मे घालावे. अधिक गुण येईल म्हणून निव्वळ कूलंट ओतू नये, कारण पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेऊ शकत नाही. कूलंटच्या टाकीचे झाकणही तपासून घ्या. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते आणि झाकणाने सुमारे एक बार दाब धरला, तर १२९ अंशांच्या आसपास. झाकणाचे रबर सैल झाले असेल, तर आपले ११५ अंश धोक्याच्या बाजूला जातात. इंजिन गरम असताना मात्र ते झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.

सातपुडा पायथा

गिअरबॉक्सचाही विचार व्हावा. ड्युअल क्लच गाडी हळूहळू सरकत असताना क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि घासून तापतो. ज्या गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल इंजिनाच्या कूलंटने थंड केले जाते, त्यांत ही उष्णताही शेवटी रेडिएटरकडेच येते. समोरचा ट्रक हात-दोन हात सरकला म्हणून लगेच पुढे जाऊ नका. चांगले अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जा आणि थांबल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. काटा चढू लागलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा, काचा खाली घ्या. मे महिन्यात हे सोसणे अवघड आहे, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते.

पैनगंगाकाठ (वणी तालुका)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. कागदाची चाचणी केली. दोन्ही फॅन फिरत असूनही कागद घसरून खाली पडला. वणीतील एका ओळखीच्या मिस्त्रींकडे बंपर उतरवला, तेव्हा कंडेन्सरच्या मागे खालच्या अर्ध्या भागात कापूस आणि काळी भुकटी यांचा जाड थर निघाला. रेडिएटरच्या दोन्ही कडांना असणाऱ्या फोमच्या पट्ट्याही गायब होत्या; बंपर पूर्वी कधीतरी रंगवलेला दिसतो, बहुधा तेव्हाच त्या परत बसवल्या गेल्या नसाव्यात. नवीन पट्ट्या मिळेपर्यंत तसेच चालवावे का?

हिंगणघाटचा मिस्त्री

पट्ट्यांशिवाय चालवू नका. त्या नसल्या, की फॅनने मागे फेकलेली गरम हवा कडेने फिरून पुन्हा पुढून आत ओढली जाते आणि थांबलेल्या गाडीत याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. मूळ पट्ट्या येईपर्यंत उष्णता सोसणारा दाट फोम कापून फटी बुजवा.

धुताना प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका. कंडेन्सरच्या बारीक पात्या लगेच आडव्या होतात आणि मग तो भाग स्वच्छ असूनही हवा अडवतो. आधी मऊ ब्रशने कोरडा थर सोडवा, नंतर इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा वाहते त्याच्या उलट दिशेने, साध्या नळीने पाणी सोडा. मागून नळी पोहोचण्यासाठी फॅन काढावा लागेल, तो काढून घ्या. एसीचे पाइप सोडू नका, नाही तर गॅस पुन्हा भरावा लागेल.

सगळे बसवल्यावर कागद पुन्हा धरून पाहा आणि रांगेतले आकडे इथे कळवा. १०५ अंशांच्या आत राहिले, तर वॉटर पंपाला आणि गॅस्केटला हात लावण्याचे कारण नाही. पुढचा कापसाचा हंगाम संपला, की मार्चमध्ये बंपर पुन्हा एकदा उतरवून घ्या.