नकाशाला कुलूप लावा म्हणणाऱ्यांना

पेठेतला: काल एकानं लिहिलं, 'ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही येतो, काहीही खोडतो. कोल्हापूरचं काम फक्त सरकारी माणसाकडं द्या.' डोकं फिरलं वाचून. गंगावेशीतल्या कुठल्या बोळात रिक्षा शिरत नाही, हे टेबलावर बसून कोण भरणार? २००४ पासून हा नकाशा लोकांनीच उभा केलाय. प्रत्येक बदलाची नोंद राहते, चुकलेलं परत फिरवता येतं.

कळंबेकर: लिहिणारा मीच. नोंद राहते, पण बघतो कोण? आमच्या कॉलनीत कुणीतरी जुनं उपग्रह चित्र बघून रस्ता काढला. तिथं आता भिंत आहे. गॅसवाला येतो आणि शिव्या घालत मागं फिरतो. काढणाऱ्याचा पत्ता नाही.

राजारामपुरीकर: वाढदिवसाचा फ्लेक्स बघून चौकाचं नाव बदलणारे आधी आवरा. नाव लोकांच्या तोंडी असतं तेच लागलं पाहिजे.

दुधाळीची लेक: चौकांचं काय घेऊन बसलाय? २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्यात आणि नकाशा सरळ तिकडंच नेत होता. माझा भाऊ दुधाचा टेम्पो घेऊन रात्रभर अडकला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फूट, म्हणजे धोका पातळी झाली की कुठले रस्ते जातात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग बंद का करत नाही?

पेठेतला: ताई, चार दिवसांची बंदी त्यात भरत नाहीत. लोक नकाशा डाउनलोड करून ऑफलाइन वापरतात. पाणी उतरलं तरी, नवा उतरवून घेईपर्यंत त्यांच्या फोनात रस्ता बंदच. रुग्णवाहिका वळसा घालत बसेल.

दुधाळीची लेक: वळसा परवडला, बुडालेला रस्ता नाही! पुरात घर सोडलंय का कधी?

पेठेतला: सोडलंय. २०१९ ला शाहूपुरी कुंभार गल्लीतनं मावशीला बोटीतनं काढलं. म्हणूनच हट्ट करतोय. पाणी उतरल्यावर तिच्या औषधाला निघालो, तर उघडा रस्ता फोनात बंद. त्यापेक्षा रस्त्याला 'फ्लड प्रोन', म्हणजे पुरात बुडणारा, असा टॅग लावा, तो बारमाही खरा राहतो.

कळंबेकर: माझ्या भिंतीचं बोला.

पेठेतला: रस्ता नुसता खोडू नका, जुनं चित्र बघून दुसरा परत काढेल. नकाशावर तिथं भिंत दाखवा आणि 'जागेवर पाहिलं' अशी तारखेसह टीप ठेवा.

कळंबेकर: बरं, कुलपाचं मागं घेतो. पण महिन्यात कुणी तिथं परत रस्ता काढला तर इथंच येऊन भांडणार.

दुधाळीची लेक: टॅग लावा, शिरोलीला आजच लावा. पण तेवढ्यानं टेम्पो थांबत नाही. मला पटलेलं नाही.